पहिली सेमी-ऑटोमॅटिक रायफल : एकूण सहाशे डॉलरमध्ये काय बसेल?

पाटीपेन्सिल

मंडळी, पहिली रायफल घ्यायची आहे आणि ती सेमी-ऑटोमॅटिकच हवी (चाप ओढला की एक गोळी सुटते, पुढची आपोआप चढते). वापर फक्त कागदी टार्गेटवर, पुढेमागे स्टीलच्या तबकड्यांवर. अंतर २५ ते १०० यार्ड. शिकार नाही, घरच्या संरक्षणाचाही विचार नाही. राज्य पेनसिल्व्हेनिया, ग्रीन कार्ड आहे. रायफल, दुर्बीण, गोळ्या, कान-डोळ्यांचं सामान, कपाट हे सगळं मिळून सहाशे डॉलरच्या आत बसवायचं आहे. दुकानात एआर-१५ (लष्करी वळणाची, .२२३ची मोठी गोळी झाडणारी रायफल) गळ्यात मारायला बघतात. बायकोही चालवणार आहे, तिची उंची पाच फूट एक इंच. धाकटा भाऊ एच-वन-बीवर आहे, तो आला की त्यालाही रेंजवर न्यायचं आहे. नक्की काय घेऊ?

चकमक

सहाशेत सगळं हवं असेल तर .२२ लाँग रायफल, म्हणजे रिमफायर (पेटवणारं स्फोटक बुडाच्या काठात असलेली छोटी गोळी). बाकी पर्यायांवर वेळ घालवू नका.

स्वस्त एआर-१५ पाचशे-साडेपाचशेत मिळते हे खरं, पण खर्च रायफलीवर थांबत नाही. .२२ची एक गोळी साधारण ७ ते १० सेंटला पडते, .२२३ची ४५ ते ५५ सेंटला. एका सकाळी दोघांनी मिळून ३०० गोळ्या झाडल्या तर इकडे पंचवीस-तीस डॉलर, तिकडे दीडशे. म्हणजे एआर घेऊन ती कपाटात ठेवायची आणि गोळ्या मोजून-मापून वापरायच्या. नेमबाजी गोळ्या झाडूनच येते, रायफल बघून नाही.

दुसरं म्हणजे दणका. बंदिस्त रेंजवर शेजारच्या लेनमध्ये .२२३ झाडली की नवशिक्याचे डोळे आपोआप मिटतात आणि चाप झटक्यात ओढला जातो. ही सवय एकदा लागली की सोडवायला फार त्रास होतो. .२२ला धक्का जवळजवळ नसतोच, त्यामुळे गोळी कुठे गेली आणि का गेली ते कळतं.

लोहारकाम

चकमक यांना अनुमोदन. आता मॉडेलांबद्दल.

रुगर १०/२२. १९६४पासून बनते आहे. दहा गोळ्यांचं गोल फिरणारं मॅगझिन, ते स्टॉकच्या (दस्त्याच्या) पोटात सपाट बसतं, खाली लोंबत नाही. नेहमीच्या कार्बाइनची नळी साडेअठरा इंच, वजन पाच पौंडांच्या आसपास. किंमत तीनशेच्या आगेमागे. तिची खरी ताकद म्हणजे सुटे भाग. एक्स्ट्रॅक्टर (झाडलेल्या गोळीचं कवच ओढून काढणारा आकडा), चाप, स्टॉक, नळी, मॅगझिन, सगळं सगळीकडे मिळतं आणि घरच्या घरी बसवता येतं. नळी दोन स्क्रूंनी आणि एका व्ही-ब्लॉकने धरलेली असते, बदलायला गनस्मिथ लागत नाही.

कुरबुरीही ऐका. शेवटची गोळी गेली की बोल्ट (मागेपुढे सरकून नळीचं मागचं तोंड बंद करणारा ठोकळा) मागे थांबत नाही, त्यामुळे रिकाम्या चेंबरवर (नळीत गोळी बसते त्या जागेवर) एकदा 'टिक्' होतंच. रिकामा चाप ओढलेला या रायफलीला चालतो असं रुगर स्वतः सांगते, तेव्हा त्याने घाबरायचं कारण नाही. मात्र इतर रिमफायरना हे गृहीत धरू नका. कित्येकांचा फायरिंग पिन चेंबरच्या कडेवर आपटतो आणि तिथे खळगी पाडतो. १०/२२च्या जुन्या रायफलींत बोल्ट सोडायची खिट्टी किचकट होती आणि मॅगझिन काढायचं बटण छोटं होतं. नव्या रायफलींत दोन्ही सुधारलं आहे, म्हणून सेकंडहँड घेताना ते बघा.

मार्लिन मॉडेल ६०. १९६०पासूनची. नळीखाली दुसरी नळी असते, तीत गोळ्या पुढून भरायच्या. अलीकडच्या रायफलींत १४ मावतात, जुन्यांत त्याहून जास्त. नेमाला ही कारखान्यातून आलेल्या १०/२२पेक्षा सरस निघते असं पुष्कळ जण म्हणतात, आणि ते अगदीच चुकीचं नाही. पण २०२०मध्ये मार्लिनची मालक रेमिंग्टन दिवाळखोरीत गेली आणि मार्लिन रुगरने घेतली. त्यामुळे बाजारात दिसतात त्या बहुतेक वापरलेल्याच. चांगली मिळाली तर उत्तम सौदा. अडचण एकच, सुटं मॅगझिन नाही. रेंजवर 'रायफल रिकामी करा' असा हुकूम झाला की नळीतल्या सगळ्या गोळ्या बाहेर काढत बसावं लागतं.

सॅव्हेज ६४ आणि रॉसी आरएस-२२. दोन्ही रुगरपेक्षा बऱ्याच स्वस्त, दोन्हींना दहा गोळ्यांचं सुटं मॅगझिन. चालतात. चाप जड आणि खरखरीत, सुटे भाग मोजकेच. बजेट चारशे असतं तर घ्या म्हटलं असतं, सहाशेत रुगरच.

स्मिथ अँड वेसन एम-अँड-पी १५-२२. २००९ची, दिसायला आणि हाताळायला हुबेहूब एआर, शरीर पॉलिमरचं, मॅगझिन २५चं, शेवटच्या गोळीनंतर बोल्ट मागे थांबतो. पुढे एआरकडेच जायचं असेल तर सगळी बटणं त्याच जागी असल्यामुळे हात बसतो. किंमत रुगरपेक्षा शंभर-दीडशेने जास्त. स्टॉक आत-बाहेर सरकतो, हा वहिनींसाठी फायदा.

मधुमालती

उंचीच्या मुद्द्यावर थोडं सविस्तर, कारण दुकानात हे कोणी सांगत नाही.

स्टॉकच्या मागच्या टोकापासून चापापर्यंतच्या अंतराला 'लेंग्थ ऑफ पुल' म्हणतात. नेहमीच्या रायफलीत ते साडेतेरा इंचांच्या आसपास असतं. पाच फूट एक इंच उंचीच्या बाईला हे लांब पडतं. मग ती कमरेतून मागे झुकते, रायफलीचं तोंड खाली जातं आणि दोन मॅगझिनं झाडेपर्यंत खांदा भरून येतो. पाहायचं असं: रिकाम्या रायफलीचा मागचा भाग कोपराच्या आतल्या खळग्यात ठेवा, हात काटकोनात, बोटाचं पहिलं पेर चापावर आरामात पोचलं पाहिजे.

१०/२२ची कॉम्पॅक्ट आवृत्ती येते, नळी सोळा इंचांची, स्टॉक आखूड. दोघांनी एकच वापरायची असेल तर तीच घ्या. उंच माणूस आखूड स्टॉक सहज चालवून घेतो, उलटं जमत नाही. हिवाळ्यात जाड जाकीट घातलं की अर्धा-पाऊण इंच आणखी वाढतो हेही धरा.

आणि डोळा तपासा. दोन्ही हात लांब करून पंजांमध्ये छोटी खिडकी करा, दोन्ही डोळे उघडे ठेवून दूरची एखादी वस्तू तीत धरा, मग एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याने वस्तू जागेवर राहते तो प्रमुख डोळा. उजव्या हाताच्या माणसाचा डावा डोळा प्रमुख असणं मुळीच दुर्मीळ नाही. तसं असेल तर पहिल्याच दिवसापासून डाव्या खांद्यावरून शिकलेलं बरं. फक्त १०/२२ची रिकामी पुंगळी (झाडलेल्या गोळीचं कवच) उजवीकडून बाहेर पडते आणि डावखुऱ्याच्या चेहऱ्यासमोरून जाते, तेव्हा चष्मा घालायचाच आणि शर्टाचं वरचं बटण लावायचं. तापलेली पुंगळी कॉलरमध्ये गेली की माणूस रायफल हातात असताना नाचायला लागतो, आणि ते फार वाईट.

कायदेपंडित_नाही

(नाव वाचून घ्या. पण खालचं सगळं छापील कायद्यात आहे.)

आधी भावाचं. संघीय कायद्यानुसार नॉन-इमिग्रंट व्हिसावरच्या माणसाला बंदूक किंवा गोळ्या बाळगता येत नाहीत. यात एच-वन-बी, एच-फोर, एल-वन, एफ-वन सगळे आले. 'बाळगणं' म्हणजे विकत घेणंच नव्हे, रेंजवर दहा मिनिटं भाड्याची रायफल हातात धरणंही त्यातच येतं. 'रेंजवाले कुठे विचारतात' ही सबब नाही, गुन्हा संघीय आहे आणि पुढे ग्रीन कार्डाच्या अर्जात नडतो. यातला मुख्य अपवाद म्हणजे अमेरिकेतल्या राज्याचा चालू शिकार परवाना, हंटिंग लायसन्स. भावाने शिकारीचं सुरक्षा प्रशिक्षण घेऊन परवाना काढला आणि तो खिशात असला तर प्रश्न सुटतो. प्रत्यक्ष शिकार करावी लागत नाही. पण परवाना आधी, रेंज नंतर.

भाऊ तुमच्या घरी राहायला येणार असेल तर कपाटाची किल्ली किंवा आकडा त्याला ठाऊक नसावा. हात लागेल अशा जागी असणं हेही बाळगणंच ठरू शकतं.

तुमचं स्वतःचं: ग्रीन कार्डवर घेता येते. दुकानात खरेदीचा संघीय फॉर्म ४४७३ भरायचा, त्यात एलियन नंबर लिहावा लागतो, म्हणून कार्ड बरोबर ठेवा. सगळ्यात जास्त खोळंबा होतो तो पत्त्यामुळे. घर बदललेलं असतं आणि ड्रायव्हिंग लायसन्सवर जुनाच पत्ता असतो. पेनसिल्व्हेनियात दुकानदार राज्य पोलिसांच्या पिक्स यंत्रणेतून तुमच्या पूर्वेतिहासाची तपासणी करतो. आपली आडनावं-मधली नावं वेगवेगळ्या कागदांवर वेगवेगळ्या स्पेलिंगने असतात, त्यानेही 'डिलेड' येतं. घाबरू नका, नकार वेगळा आणि खोळंबा वेगळा.

लायसन्सधारक दुकानातून रायफल घ्यायला संघीय वयोमर्यादा १८. काही राज्यांत २१.

दुसऱ्याचे पैसे घेऊन त्याच्यासाठी स्वतःच्या नावावर विकत घेणं हा गुन्हा आहे, २०२२च्या कायद्यानंतर त्याला १५ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. बायकोला स्वतःच्या पैशाने खरी भेट देणं वेगळं, ते चालतं.

रानजाई

मी न्यू जर्सीत राहते, म्हणून मॅगझिनबद्दल एक सावधगिरी. आमच्याकडे न निघणाऱ्या मॅगझिनमध्ये दहापेक्षा जास्त गोळ्या मावतील अशी सेमी-ऑटोमॅटिक रायफल 'असॉल्ट फायरआर्म'मध्ये मोडते, पण फक्त .२२ रिमफायर झाडणाऱ्या, जोडलेल्या नळीत गोळ्या भरायच्या रायफलीला २०१८च्या कायद्याने यातून सूट आहे. म्हणजे खारी मारायला वापरतात ती लाकडी दस्त्याची आजोबा छाप मार्लिन ६० आता त्या यादीत येत नाही. १०/२२चं २५चं मॅगझिन मात्र इथे आणायचं नाही, दहाचंच.

कायदेपंडित_नाही

अगदी. इतर राज्यांतल्या वाचकांसाठी पटकन: वॉशिंग्टन राज्यात २०१९पासून सेमी-ऑटोमॅटिक रायफल घ्यायला वय २१, प्रशिक्षणाचा दाखला आणि थांबायचा कालावधी लागतो, आणि त्या व्याख्येत साधी १०/२२ही येते. न्यूयॉर्कमध्ये सप्टेंबर २०२२पासून सेमी-ऑटोमॅटिक रायफल विकत घ्यायला वेगळा परवाना लागतो. कॅलिफोर्नियात सुरक्षा परीक्षेचं प्रमाणपत्र आणि दहा दिवस थांबणं. इलिनॉयमध्ये आधी फॉइड कार्ड (बंदूक बाळगायचं राज्याचं ओळखपत्र). कायदे बदलत राहतात, घेण्याच्या आठवड्यात राज्य पोलिसांच्या संकेतस्थळावर बघा, युट्यूबवर नको.

पाटीपेन्सिल

भावाचं माहीतच नव्हतं, बरं झालं विचारलं. १०/२२ कॉम्पॅक्ट जवळजवळ नक्की. आता सहाशेची वाटणी कशी करू? आणि दुर्बीण कोणती?

चकमक

रायफल ३००, त्यावर ६ टक्के कर म्हणजे १८. साधं लोखंडी कपाट १२०. दोघांचे इअरमफ, फोमचे बोळे आणि चष्मे ६०. पाचशे गोळ्या ४५. सफाईचं सामान २०. एक जादा मॅगझिन २०. झाले ५८३.

दुर्बीण यात नाही, ती मुद्दाम नाही. रायफलीवर नेम धरायला मागची खाच आणि पुढची माशी कारखान्यातूनच येते. पहिल्या पाचशे गोळ्या त्यावरच झाडा. माशी स्वच्छ, मागची खाच जराशी धूसर, टार्गेट धूसर, हे डोळ्याला एकदा कळलं की दुर्बिणीवर जाणं सोपं. आणि कपाट कापून दुर्बीण घेण्याचा सौदा कधीच करू नका. पाहुण्यांची पोरं घर धुंडाळतात. रायफलीबरोबर मिळणारं कुलूप हे कपाटाला पर्याय नाही.

ऑनलाइन स्वस्त दिसली तर ती लायसन्सवाल्या दुकानातच पाठवावी लागते आणि तो पंचवीस-चाळीस डॉलर ट्रान्सफरचे घेतो. वीस डॉलर वाचवायला जाऊन उलटे पडतात.

लोहारकाम

दुर्बीण घ्याल तेव्हा दोन ठिकाणी लोक फसतात.

पहिलं, पॅरॅलॅक्स. रिमफायरच्या दुर्बिणी ५० यार्डांवर जुळवलेल्या असतात, मोठ्या रायफलींच्या बहुधा १०० वर. १०० वाली २५ यार्डांवर वापरली तर डोळा जरा हलला की फुली टार्गेटवर सरकते आणि माणूस स्वतःला दोष देत बसतो. स्वस्तातली ४ पट किंवा ३-९ पट 'रिमफायर' लिहिलेली घ्या.

दुसरं, रिंगा, म्हणजे दुर्बीण रायफलीवर धरणारी कडी. मार्लिन ६० आणि सॅव्हेज ६४वर तीन-अष्टमांश इंचाची खोबण असते, तिला त्याच मापाच्या रिंगा लागतात. १०/२२बरोबर वेगळी पट्टी येते, तिच्यावर वीव्हर नावाच्या रुंद मापाच्या रिंगाही बसतात. चुकीची रिंग वरवर बसल्यासारखी वाटते आणि शंभर गोळ्यांत सैल होते. मग लोक नळीला शिव्या घालतात.

आणखी एक, कार्बाइनचा स्टॉक माशी-खाचेच्या हिशेबाने उतरता असतो. दुर्बीण लावली की गाल लाकडावर टेकतच नाही, हनुवटी तरंगते. बुटक्या रिंगा वापरा आणि स्टॉकवर फोमचा तुकडा ठेवून स्वतःला चिकटणारं बँडेज गुंडाळा. तीन डॉलरचं काम.

नेम जुळवणं: २५ यार्डांवर टेबलाचा आधार घेऊन पाच गोळ्या, पाचही टार्गेटच्या एकाच ठिपक्यावर धरून. झुंडीचा, म्हणजे पाच भोकांच्या पुंजक्याचा, मध्य काढा. एका-एका गोळीमागे बुर्ज (नेम सरकवायची दुर्बिणीवरची चकती) फिरवत बसू नका. पाव एमओए (कोनाचं माप, १०० यार्डांवर साधारण एक इंच) क्लिक असेल तर २५ यार्डांवर १६ क्लिक म्हणजे साधारण एक इंच, ५०वर ८, १००वर ४. मग ५० यार्डांवर पक्कं करा. ५०ला जुळवलेली हाय-व्हेलॉसिटी .२२ शंभरावर साधारण सहा-सात इंच खाली पडते, तेवढं वर धरायचं. वारा असेल तर १००वर .२२ फार भरकटते, तो रायफलीचा दोष नाही.

पाटीपेन्सिल

गोळ्या कुठल्या? पाचशेचा स्वस्त खोका घेतला तर अडकतात म्हणे.

निशाणा_बावीस

हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे, म्हणून लांब लिहितो.

ही रायफल साध्या ब्लोबॅकवर चालते. बोल्टला कुठे कुलूप नसतं. त्याचं स्वतःचं वजन आणि मागची स्प्रिंग एवढंच त्याला पुढे दाबून धरतं. गोळी सुटली की पुंगळीच बोल्टला मागे ढकलते. तो ढकला कमी पडला तर बोल्ट पुरता मागे जात नाही आणि तिथून सगळ्या अडचणी सुरू होतात. म्हणून सबसॉनिक किंवा 'क्वाएट' (मुद्दाम हळू जाणाऱ्या) गोळ्या सुरुवातीला नकोत. ४० ग्रेनची (ग्रेन हे वजनाचं माप), सेकंदाला १२०० फुटांच्या वरची गोळी घ्या. सीसीआय मिनी-मॅग हे त्याचं ठरलेलं उदाहरण, १२३५ फूट. महाग आहे, पण शंभराची एक डबी संदर्भ म्हणून ठेवा. रायफल अडखळली की मिनी-मॅग घाला. तिने नीट चालली तर दोष स्वस्त गोळ्यांचा, तिनेही अडकली तर दोष रायफलीत किंवा मॅगझिनमध्ये. नेम मात्र ध्वनीपेक्षा हळू जाणाऱ्या १०७० फुटांच्या स्टँडर्ड व्हेलॉसिटीला बहुधा जास्त चांगला येतो. ती १०/२२मध्ये बहुतेक वेळा चालते, थंडीत कधीकधी कुरकुरते.

पाचशेच्या खोक्यांत गोळ्या सुट्या खडखडत असतात. वाकलेलं शिसं, सैल बसलेली गोळी हाताने निवडून बाजूला काढा. हजार गोळ्या एकाच प्रकारच्या घेऊ नका. तीन-चार प्रकारच्या एकेक डबी आणा, ५० यार्डांवर प्रत्येकीच्या पाच-पाच गोळ्यांच्या दोन झुंडी काढा. प्रत्येक नळीची आवड वेगळी असते, खोक्यावरच्या किमतीशी तिचा संबंध नसतो.

आता अडकण्याचे प्रकार. काहीही झालं तरी तोंड टार्गेटकडेच, बोट चापाबाहेर.

पुंगळी बोल्टच्या तोंडात उभी अडकली: ढकला कमी पडला. कमजोर गोळी, कोरडा बोल्ट किंवा घाण.

पुंगळी चेंबरमध्येच राहिली: चेंबरमध्ये काजळी आणि मेण साठलं, किंवा एक्स्ट्रॅक्टरच्या आकड्याखाली शिशाचा चुरा आहे. आकडा टूथपिकने साफ करा. झिजला असेल तर नवा दहा-पंधरा डॉलरचा.

नवी गोळी नाक वर करून नळीच्या कडेवर आपटली: मॅगझिन. ते पूर्ण वर बसलं नाही, किंवा आत वाळू-मेण आहे. दोन मॅगझिनवर खडूने १ आणि २ लिहा. अडचण नेहमी २मध्येच येत असेल तर रायफल उघडायची गरजच नाही.

'टिक्' झालं, गोळी सुटली नाही: तीस सेकंद तसंच धरा. रिमफायरमध्ये दारू उशिरा पेटणं होतं. मग गोळी काढून काठावरची खूण बघा. खूण खोल असेल तर गोळीत दोष, काठाच्या त्या भागात स्फोटक पसरलेलंच नव्हतं. खूण उथळ असेल तर बोल्ट पूर्ण पुढे आला नव्हता किंवा फायरिंग पिनच्या खाचेत चिखल आहे. बोल्ट पुढे आला नाही म्हणून त्याला तळहाताने ठोकू नका, आत जिवंत गोळी आहे.

'फुस्' असा दबका आवाज आला, धक्का जाणवला नाही: थांबा. लगेच थांबा. शिसं नळीत अडकलेलं असू शकतं. पुढची गोळी झाडली तर नळी फुगते. रायफल रिकामी करून, बोल्ट उघडा ठेवून, तोंडाकडून काठी घालून बघा आरपार जाते का.

सावळागोंधळ

एक विरोधी मत. .२२ खेळणं आहे. पुढे घ्यायचीच असेल तर आत्ताच एआर घ्या, दोनदा खर्च कशाला?

चकमक

कारण दोनदा खर्च होत नाही. .२२ कोणी विकत नाही, एआर घेतल्यावरही सरावाला तीच राहते. तीन हजार गोळ्यांमागे बाराशे डॉलरचा फरक पडतो, त्यात दुसरी रायफल येते. 'खेळणं' म्हणाल तर गोळ्यांच्या खोक्यावर वाचा, ही गोळी दीड मैलांपर्यंत जाते असा इशारा छापलेला असतो.

एआर घेणारच असाल तर नळीवर ५.५६ लिहिलेलं बघून घ्या. ५.५६च्या चेंबरमध्ये .२२३ चालते, .२२३च्या चेंबरमध्ये ५.५६ घालायची नसते, दाब वाढतो. आणि कित्येक बंदिस्त रेंजवर लोहचुंबकाला चिकटणारी गोळी चालू देत नाहीत, म्हणजे स्वस्तातल्या पोलादी गोळ्या बाद.

मधुमालती

.२२चा आवाज कमी म्हणून लोक कानाकडे दुर्लक्ष करतात. रायफलीचाही १४० डेसिबलच्या आसपास असतो. बंदिस्त जागेत फोमचा बोळा आत आणि मफ वर, दोन्ही. बोळा चुरगाळून बारीक करा, दुसऱ्या हाताने कान वर-मागे ओढा, आत सरकवून अर्धा मिनिट दाबून ठेवा. बाहेर निम्मा दिसत असेल तर तो शोभेचा आहे.

आणि शिसं. .२२च्या गोळ्या बहुतेक उघड्या शिशाच्या असतात, दारू पेटवणाऱ्या स्फोटकातही शिसं असतं. रेंजवर खाणंपिणं नाही, परतताना गार पाण्याने आणि साबणाने हात-तोंड धुवायचं, ते कपडे लहान मुलांच्या कपड्यांत मिसळायचे नाहीत. गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईने बंदिस्त रेंज टाळावीच.

रानजाई

स्टीलच्या तबकड्यांचं कोणी बोललं नाही. .२२ला २५ यार्डांच्या आत नको, तबकडी वरून किंचित पुढे झुकलेली लटकवा म्हणजे शिशाचे तुकडे जमिनीकडे जातात. कडक पोलाद घ्या. मोठ्या रायफलीने खड्डे पडलेली जुनी तबकडी फुकट मिळाली तरी घेऊ नका, खड्ड्यातून तुकडा सरळ मागे येतो.

शिकायला प्रोजेक्ट ॲपलसीडची शिबिरं बघा. २५ मीटरवर .२२नेच शिकवतात, बसून, झोपून, उभं राहून. त्यांच्या परीक्षेत ४० गोळ्या, २५०पैकी २१० गुण मिळाले तर उत्तीर्ण. तिथे दहाची दोन मॅगझिनं आणि एक साधा पट्टा लागतो.

पाटीपेन्सिल

शेवटचा प्रश्न. सफाई कितपत आणि कशी? रायफल खोलायची भीती वाटते.

लोहारकाम

नळी सारखी घासू नका, .२२ची नळी अति सफाईनेच जास्त खराब होते. १०/२२ची पाठ बंद असल्यामुळे काठी तोंडाकडून घालावी लागते, आणि ती तोंडाच्या कडेवर घासली की नेम जातो. चेंबरकडून तोंडाकडे ओढायची दोरी वापरा. बोल्टचं तोंड, एक्स्ट्रॅक्टर आणि चेंबर मात्र दर चार-पाचशे गोळ्यांनी.

खोलायचं असं. मॅगझिन बाहेर. बोल्ट मागे ओढून चेंबर डोळ्याने बघा, करंगळी घालून बघा. गोळ्या दुसऱ्या खोलीत. बोल्ट ओढल्याने हातोडी चढते, ती चढलेलीच राहू द्या, कारण ती उतरलेली असेल तर सेफ्टीचं बटण हलत नाही. नळीभोवती कडं असेल तर त्याचा स्क्रू सैल करून कडं पुढे काढा. मॅगझिनच्या पुढे खालून एकच मोठा स्क्रू आहे, तो काढा. आता सेफ्टीचं बटण बरोबर मध्यावर आणा, दोन्ही बाजूंना सारखं. ते एका बाजूला राहिलं तर लाकडात अडकतं आणि लोक जोर लावून स्टॉकला चीर पाडतात. नळीचं टोक वर उचललं की सगळं बाहेर येतं.

मग दोन आडव्या पिना ढकला. त्या सैलच असतात, आपोआपही पडतात, म्हणून खाली पांढरा टॉवेल पसरा. चापाचा डबा सुटा होतो. मागची जाड पिन काढा, ती बोल्टचा आडोसा. बोल्टची मूठ मागे ओढून धरा आणि बोल्ट वर उचलून काढा. मूठ, स्प्रिंग आणि तिची काडी एकत्र बाहेर येतात. सगळं पुसा, बोल्टच्या वरच्या पाठीवर तेलाचा एक थेंब, बोटाने पसरवा. जास्त तेलात दारूची राख मिसळून पेस्ट होते आणि थंडीत बोल्ट मंदावतो.

चापाचा डबा सुटा असताना चाप ओढू नका. हातोडी ॲल्युमिनियमवर किंवा प्लास्टिकवर सुसाट आदळते. बसवताना आधी मूठ-स्प्रिंग, ती मागे धरून बोल्ट, मग आडोशाची पिन, आणि हातोडी चढलेली असतानाच डबा. मॅगझिन खोलू नका, आतल्या रोटरची स्प्रिंग सुटली की तिचा ताण पुन्हा मोजून द्यावा लागतो. फुंकर मारा, कोरड्या ब्रशने झाडा, तेल नको.

पाटीपेन्सिल

स्टॉकचा मोठा स्क्रू किती आवळायचा?

लोहारकाम

आखूड स्क्रूड्रायव्हर, टोक खाचेत पूर्ण भरणारं, हाताने घट्ट होईल इतकाच. मनगटाचा पूर्ण जोर नको, खालचं लाकूड दबतं. पन्नास गोळ्यांनंतर एकदा तपासा, नवीन लाकूड बसतं आणि स्क्रू पाव फेरा सैल होतो. नेम अचानक इकडेतिकडे जायला लागला तर दुर्बिणीला हात लावण्याआधी हाच स्क्रू बघायचा, त्यानंतर रिंगांचे.